मधलं रान

आधी जिजांचं नाव घेतो, मग बाकीचं.

जिजा म्हणजे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या रांजणगावात, एका बोळाच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये खानावळ चालवणाऱ्या बाई. खरं नाव अनसूया. ते मला फार उशिरा कळलं. आम्ही कंपन्यांतली पोरं त्यांना जिजा म्हणायचो, आणि त्या आम्हाला नावानं कमी, गावानं जास्त हाक मारायच्या. गणेश म्हणजे 'जालना'. मी 'वऱ्हाड'. दिग्रसकडच्या एका खेड्यातून नववी अर्ध्यात टाकून मी इथं आलो, तेव्हा या शहरात माझं तोंड ओळखणारं कुणी नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यानं कावीळ झाली. खोलीतला जोडीदार घाबरून आपल्या गावी निघून गेला. तेव्हा जिजा दोन्ही वेळा डबा घेऊन माझा जिना चढायच्या. बिनतेलाचं वरण, मऊ भात, ताक, आणि उकळून गार केलेलं पाणी, वर फडकं बांधलेलं. 'घरी कळवू नका' म्हटलं, तर म्हणाल्या, "नाय कळवत. पण मग मी देईन तेवढं गिळायचं. तोंड वाकडं करायचं नाय."

मी वाचलो. पुढं जे लिहितोय ते वाचताना एवढं ध्यानात असू द्या. मला तर ते ध्यानात असायलाच हवं होतं.

पुढं काही वर्षांनी मोठा दुष्काळ पडला; यंदा पुन्हा त्या सालासारखाच मे महिना आलाय. धरणात किती पाणी उरलं त्याचा आकडा रोज पेपरात येतो, आणि कंपनीच्या गेटवर चहा पिताना लोक क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसा विचारतात, "आज किती?" गल्लीत नळ कोणत्या दिवशी येणार यावर पाहुण्यांना बोलवायचं की नाही ते ठरतं. बाहेर शहर मात्र वाढतंच आहे. काल जिथं कापूस होता तिथं आज चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेत, कमान उभी केलीय, कमानीला हिरव्यागार बागेचं चित्र. पाण्याचा पत्ता नाही आणि चित्रात कारंजं. हे सगळं बघत मोटारसायकलवरून जाताना कधी वारा धरणाच्या बाजूनं आला तर एक वास येतो. ओला नाही, कोरडा नाही. मासे, शेवाळ आणि तापलेली माती यांचा. गाळाचा वास. तो आला की त्या साली जसं तोंड खाली गेलं होतं तसंच आजही जातं. हेल्मेट असतं म्हणून बरं.

त्या साली मी झूम लेन्स घेतली होती.

कॅमेरा जुनाच, एका साहेबांनी वापरून सोडलेला. लेन्स मात्र नवी, खोक्यातली, छावणीतल्या एका दुकानातून. दुकानदार चाचांनी ती माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "ले जाव मियाँ. दौलताबाद का किल्ला अपने आप चल के घर कू आता." खोक्यातलं माहितीपत्रक इंग्रजीत होतं. मी ते उलटसुलट करून बघितलं आणि 'समजलं' म्हणालो. ही माझी जुनी सवय. शाळा सुटल्यापासून लागलेली. जे कळलं नाही ते कळलं म्हणायचं आणि विचारायचं ते विचारायचं नाही.

पहिले काही दिवस मी गच्चीवरूनच लेन्स लावून बघायचो. रिंग फिरवली की डोळ्यासमोर शहर सरसरत यायचं. क्रेनच्या टोकावर बसलेला कावळा. गोधडी झटकणारी बाई. एकदा एक म्हातारा आपल्या काळ्या टाकीत काठी घालून पाणी मोजत होता. काठी बाहेर काढून ओल कुठवर आलीय ते बोटानं बघत होता. त्यानं अचानक मान वर केली आणि सरळ माझ्याकडंच बघितल्यासारखं झालं. मी खालीच बसलो. त्याला मी दिसणं शक्यच नव्हतं, तरी बसलो. लांबून बघणाऱ्याच्या अंगात एक चोरटेपणा आपोआप येतो. पण खरं सांगायचं तर मला ही लेन्स आवडली ती त्याच्यासाठीच. माणसाच्या जवळ जावं लागत नव्हतं. 'काढू का फोटो' असं विचारावं लागत नव्हतं. कुणी 'तुम्ही कुठपर्यंत शिकलात' असं उलट विचारायची भीती नव्हती.

रविवारी धरणाच्या फुगवट्याकडं जायचो. तिथं शहरातले हौशी फोटोवाले यायचे, मोठमोठ्या लेन्सा, हिरवे-तपकिरी टीशर्ट. पाणी आटून उथळ झालेलं, त्यामुळं पक्षी काठाशी दाटीवाटीनं उतरलेले. लांब गुलाबी पायांचे शेकाटे चिखलात असे चालायचे जणू पाय भिजवायचेच नाहीत. "यंदा सीझन भारी आहे," एक जण म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. दुष्काळानं आमची सोय केली होती. परत येताना बिडकीनच्या अलीकडं पलीकडं हंडे, कॅन, सायकली, टँकरची रांग. मी गाडी न थांबवता जायचो. कॅमेऱ्याची बॅग पुढं टाकीवर घेऊन, तिच्यावर रुमाल टाकून.

आईचा फोन रविवारीच यायचा. आमच्याकडं सरळ काही विचारत नाहीत. 'कोन हायेत?' एवढंच विचारतात. त्या दोन शब्दांत सगळं येतं, आणि ज्याला विचारलं त्यालाही बरोबर कळतं की काय विचारलंय. एका रविवारी मी खानावळीच्या दारात, हात धुवायच्या ड्रमपाशी उभा होतो.

"जेवन नीट भेटते ना रे बाबू?" आई म्हणाली.

"भेटते."

"ते बाई कोन हायेत?"

"आपल्यातल्याच हायेत," मी म्हणालो. लगेच. विचार न करता.

मला माहीत नव्हतं. जिजांचं आडनाव मी कधी विचारलंच नव्हतं. शेडमध्ये एका बियाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर सोडलं तर भिंतीवर काही नव्हतं, आणि त्यांच्या आतल्या घरात मी कधी गेलो नव्हतो. नाही विचारलं म्हणून मी स्वतःला मोठ्या मनाचा समजायचो. आता वाटतं, विचारलं नाही कारण मग उत्तर माझ्या पदरात पडलं असतं, आणि ते घेऊन आईशी बोलावं लागलं असतं. त्या वेळी जिजा माझ्यामागं ताटं गोळा करत होत्या. स्टीलचा आवाज होत होता. मला वाटलं, त्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नसेल.

मग एका संध्याकाळी मीच बोलून गेलो. जिजा ज्वारीचं पीठ मळत होत्या, मी पाटावर बसून लेन्स पुसत होतो.

"जिजा, पाणी इतकं मागं गेलंय की जुन्या गावाचे दगड वर आलेत."

"कुठल्या गावाचे?"

"उघड्या पडलेल्या गाळात पेरणी करणारे लोक धनवाडी म्हणत होते."

त्यांचा हात पिठातच थांबला. तव्यावरची भाकर करपायला लागली तेव्हा गणेश म्हणाला, "जिजा, वास यायलाय." त्यांनी भाकर उलटली, बाजूला टाकली, नवी थापायला घेतली. थापता थापता मला विचारलं, "तुझ्या त्या नळकांड्यातनं किती लांबचं दिसतं?"

लग्न होऊन त्या धनवाडीत आल्या होत्या. सासरे, दीर आणि भावकी मिळून विहीर खणत होते. किती उन्हाळे खणत होते कोण जाणे, कारण दिवसा लोकाच्या शेतात कामाला जायचं आणि खणायचं ते उरलेल्या वेळात. जिजा आल्या त्याच उन्हाळ्यात खडक फुटला आणि पाणी लागलं. "सासरे म्हणले, पोरीचा पायगुण. साऱ्या वस्तीनं माझ्या पायावर पाणी घातलं. तेरा-चौदाची असंन मी. लाजून मेले." दोन पावसाळे त्या विहिरीचं पाणी त्यांनी ओढलं. मग धरणाचं पाणी आलं आणि गाव उठलं. "एवढी मेहनत केली अन् तिच्यावर पाणीच आलं बघ. एकदा बघायची हाय. दुसरं काय नाय."

एवढं त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा मागितलं होतं. आणि शेवटचंही तेच.

पुढच्या रविवारी त्या माझ्या गाडीवर बसल्या. दोन्ही पाय एका बाजूला, एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत भाकरी, ठेचा आणि हरभऱ्यानं भरून शिवलेली एक छोटी थैली. लेन्स लांब असली की हात हलतो आणि फोटो फिसकटतो, त्यामुळं ती टेकवायला काहीतरी लागतं असं मी कधीतरी बोललो होतो; त्यांनी लुगड्याच्या तुकड्याची थैली शिवून आणली होती. बिडकीनच्या पुढं नवे सिमेंटचे रस्ते लागले, सहा-सहा गाड्या शेजारी शेजारी जातील एवढे रुंद, आणि त्यांवर एकही गाडी नाही. नुसते दिव्यांचे खांब. जिजा मागून म्हणाल्या, "ह्यो रस्ता कुठं जातो?" मी म्हणालो, "कुठंच नाही अजून. कारखाने येणार आहेत." त्या म्हणाल्या, "आधी रस्ता, मग गाव. आमचं उलटं झालं."

काठावर पोचलो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. समोर गाळाचा मोठा पसारा, वरून सुकलेला दिसणारा, आत लोणी. गाळपेरीच्या टरबुजांपाशी एक माणूस होता, त्यानं सांगितलं, पुढं जाऊ नका, परवा म्हैस कमरेपर्यंत रुतली. मग मी गाडीच्या सीटवर हरभऱ्याची थैली ठेवली, तिच्यावर लेन्स टेकवली आणि बघत गेलो. लांब एक चौथरा दिसला. देवळाचा असावा, एक खांब अजून उभा. त्याला लागून दगडांचं गोल कडं. मी फोटो काढला, कॅमेरा त्यांच्यापुढं धरला.

"जिजा, सापडली. ही बघा."

त्यांनी पदराची सावली स्क्रीनवर धरली. बराच वेळ बघितलं.

"ही नाय."

"विहीरच आहे ना? देवळाला लागून आहे."

"विहीर हाय. गावाची. हिच्यावर आमाला पाणी भरू देत नव्हते." आवाज साधा होता, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसा. "घागर घेऊन बसून ऱ्हायचं. कुणाला दया आली तर वरनं वतायचे. म्हणून तर आमची खणली. आमची वस्ती गावाच्या भाईर, तिकडं उताराला. मधी पाटलाचं रान होतं."

आता हे लिहायला मला जड जातंय. त्या वाक्यानंतर माझ्या मनात जो पहिला विचार आला तो विहिरीचा नव्हता, तेरा-चौदा वर्षांच्या पोरीचाही नव्हता. आईला कळलं तर, एवढाच तो विचार होता. कावीळ, वरणभात, फडकं बांधलेलं पाणी, सगळं माझ्या पोटात होतं आणि डोक्यात हे. मी पटकन कॅमेऱ्याला डोळा लावला. तोंड लपवायला तेवढीच जागा होती.

रिंग फिरवत उताराची बाजू शोधली. आणि खरंच, गावाच्या विहिरीच्या मागं, खालच्या अंगाला, दुसरं एक कडं होतं. लहान. दोन्ही एकाच चौकटीत आली. मी फोटो काढून पुन्हा पुढं धरला.

जिजांनी बघितलं आणि हसल्या. "आगं बया. ह्या दोघी तर एकमेकीला चिकटल्यात की."

"लेन्समुळं तसं दिसतं. लांबच्या गोष्टी जवळ ओढल्या की एकमेकींनाही जवळ येतात."

"मग मधलं रान कुठं गेलं?"

"ते दिसत नाही."

"लई भारी हाय तुझं नळकांडं." त्या अजून हसत होत्या. "सासऱ्याची हयात गेली ते रान वलांडण्यात. ह्यानं एका घासात खाल्लं."

मीही हसलो. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हसत होतो, पण त्यांना माझं तोंड वाचता येत होतं. रोज दोन वेळा माझ्या तोंडापुढं ताट ठेवणारी बाई.

"सांजच्याला जेवन जाईल का मग, वऱ्हाड?"

"कायबी काय बोलता, जिजा."

"इचारलं आपलं." त्यांनी भाकरी सोडल्या. ठेच्याचा वास आला. "तू आईला काय सांगितलंस ते मी ऐकलं होतं. म्हणलं, ऱ्हाऊ दे. लेकरू जेवतंय ना."

त्या दिवशी संध्याकाळी मी खानावळीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो. नेहमी कोपऱ्यात बसतो, त्या दिवशी चुलीसमोर. नेहमी तीन भाकरी खातो; त्या दिवशी चौथी मागितली. मोठ्यानं मागितली. भाजी लई झकास झालीय, असंही म्हणालो. गणेश बघतच राहिला. जिजांनी चौथी भाकर ताटात टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "रोज तीन खातोस. आज चौथी कुणाला दाखवायला?"

मी मान वर केली नाही. ती भाकर घशाखाली उतरवायला मला जो वेळ लागला, तेवढा वेळ मला आयुष्यात कुठल्याच घासाला लागला नाही. माणूस लाजेपायी ताट सोडून उठतो असं ऐकलं होतं. लाजेपायी जास्त खातो, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि तरी त्या माझ्या गाडीवर बसत राहिल्या. दर रविवारी नाही, पण गाळ किती सुकलाय ते मी येऊन सांगायचो आणि त्या हिशेब धरायच्या: अजून ऊन पडायला पाहिजे. आमच्या दोघांत एक भलतंच गूळपीठ झालं होतं. साऱ्या शहराचं पाणी तोडून तोडून येत होतं, खानावळीची भांडी आता राखेनं घासून कोरडीच पुसली जात होती, आणि आम्हा दोघांना धरण अजून खाली जायला हवं होतं. एका संध्याकाळी ढग आले. बोळातली पोरं नाचायला लागली, बायका दारात आल्या, गणेश ताटावरून उठून बाहेर पळाला. मी आणि जिजा तेवढे चुलीपाशी. गणेश आत येऊन म्हणाला, "काय जिजा, ढग आलेत अन् तुमचं तोंड पडलं?" जिजा म्हणाल्या, "सरपण भाईर हाय." मी माझ्या भाकरीकडं बघत होतो. थेंब पडले नाहीत. मला हायसं वाटलं. एवढ्या लोकांच्या तहानेपुढं मला हायसं वाटलं, आणि मान वर केली तर जिजांच्या तोंडावरही तेच. दोघांनीही लगेच नजर दुसरीकडं नेली.

गाळाला भेगा पडल्या तेव्हा आम्ही चालत गेलो. भेगा म्हणजे कशा, एका ढेपीवरून दुसऱ्या ढेपीवर पाऊल टाकावं लागायचं. पायाखाली शिंपले कुरकुरायचे. जिजांचे गुडघे दुखायचे, तरी त्या देवळाच्या चौथऱ्यापर्यंत आल्या. गावाच्या विहिरीचे दगड तिथं होते. काठाच्या दगडांना दोरानं पडलेल्या खोल खाचा, बोट बसेल एवढ्या. किती पिढ्यांनी पाणी ओढलं असेल. जिजा त्या खाचांवरून हात फिरवत उभ्या राहिल्या. मग पुढं उताराकडं बघितलं.

"आता नाय होत. तू जा. बघून ये."

"मग तुम्ही?"

"मी बसते." आणि त्या त्या विहिरीच्या काठावर बसल्या. नीट, मांड्या आवळून, पदर सारखा करून. "हिच्यावर कधी टेकले नव्हते. हात लागला तरी बोंब व्हायची. आज बसते निवांत."

मी पुढं गेलो. मधलं रान मी चाललो. कॅमेऱ्यात जे दिसलं नव्हतं ते पायांना कळत होतं. उतार संपेचना. मध्ये एकदा मागं बघितलं तर जिजा एवढ्याशा झाल्या होत्या. या वाटेनं रिकाम्या घागरी घेऊन जायचं, बसून राहायचं, आणि कधी रिकाम्याच परत आणायच्या. माझ्या कपाळावर घाम होता आणि माझ्याकडं पाण्याची बाटली होती.

विहीर गाळानं काठापर्यंत भरलेली. कडं मात्र शाबूत. मी जवळ गेलो तर लेन्समध्ये मावेना. जवळचं या लेन्सला धरताच येत नाही. ती लांबच्यासाठीच केलेली. मग एकेक दगड घेत गेलो, तुकड्यातुकड्यानं. नंतर विहिरीच्या पलीकडं बराच मागं सरकलो आणि रिंग फिरवली. पुढं धूसर हे लहान कडं, मागं देवळाचा खांब, आणि गावाच्या विहिरीवर बसलेल्या जिजा. तो एक फोटो काढला. मी आजवर काढलेला तो एकच बरा फोटो.

परत येऊन त्यांना एकेक दगड दाखवला. "काठ साधाच आहे, जिजा. इथल्यासारख्या खाचा नाहीत," मी जरा ओशाळूनच म्हणालो. वाटलं, त्यांना वाईट वाटेल.

"नसणारच की." त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "नवी होती ना. दोन पावसाळ्यांत कुठं खाचा पडतात. व्हय, हीच. हीच ती." त्यांनी स्क्रीनवरच्या त्या गुळगुळीत दगडाला अंगठा लावला. तो फोटो मोठा झाला, आणखी मोठा झाला, आणि नुसता दगड उरला.

त्याच आठवड्यात पाऊस आला. त्यानंतर ते गाव पुन्हा कुणाला दिसलं नाही.

आता खानावळीच्या जागी तीन मजली इमारत आहे, खाली मोबाईलची दुकानं. जिजा मुलाकडं बिडकीनला असतात. मी जातो. नेम धरून नाही, पण जातो. त्यांच्या आतल्या घरात बसतो. तो फोटो त्यांच्याकडं चौकटीत लावलेला आहे. गुडघ्यांनी आता फारसं उठवत नाही, तरी मला बघून सुनेला म्हणतात, "वऱ्हाड आलाय. तीन टाक." सून हसते. तिला कळत नाही तीनच का, आणि जिजा सांगत नाहीत. मला वाचवतात अजून.

तो फोटो मी घरीही नेला होता, दिवाळीत. आईला दाखवायला. बाकीचे पक्ष्यांचे होते, ते तिनं भराभर बघितले. हा मात्र हातात धरून बसली. शेतकरी बाई आहे. तिनं आधी विहिरी बघितल्या.

"दोन विहिरी इतक्या जवळ कायले खंदल्या रे लोकायनं?"

मी पक्ष्यांचे फोटो गोळा करत राहिलो.

"अन् हे बाई कोन हायेत?"

दार सताड उघडं होतं. मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. आई, त्या विहिरी जवळ नव्हत्या. मध्ये मोठं रान होतं. आणि या बाईंनी मला काविळीतून उठवलं, आणि मी तुला त्या कोण आहेत ते खोटं सांगितलं. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "कॅमेऱ्यात तसं दिसते. एक म्हातारी बसली होती तिथं." आईनं फोटो परत दिला आणि चहाला उठली. ती काय म्हणाली असती मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित डोळ्यांना पदर लावला असता, की कावीळ झाली अन् सांगितलं नाहीस. मी तिला तेवढी संधीही दिली नाही. तिच्या मनात जे आहे असं मला वाटतं, त्यातलं किती तिच्या मनात आहे आणि किती माझ्या, हेही मी आजवर तपासून बघितलेलं नाही.

काविळीतला डबा परत देता येत नाही. दगडावर अंगठा ठेवलेली ती बाई मला तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख दाखवत होती, त्याची परतफेड कशानं करायची? लोक साडी नेतात, फळं नेतात. मीही नेतो. जिजा घेतात आणि शेजारणीला देऊन टाकतात.

पण एक गोष्ट आहे, आणि ती मी करणार आहे. कधी, ते सांगता येत नाही; मी भित्रा माणूस आहे, तारीख सांगितली की ती चुकवायची सवय आहे. पण आईला दिग्रसहून एसटीत बसवून एकदा इकडं आणीन. वाट लांब आहे, बोलायला वेळ भरपूर. बस सुटली की पहिल्यापासून सगळं सांगेन, नाव घेऊन. शेवटी ती जे काय म्हणेल ते ऐकून घेईन. मग बिडकीनला उतरू. ती यायला तयार असेल तर तिला घेऊन, नसेल तर तिला स्टँडवर बसवून एकटा, मी जिजांच्या दारात उभा राहीन आणि सांगेन की घरी सांगितलं. मग वाढायचं की नाही, आणि वाढलं तर कुणाकुणाला, ते जिजा ठरवतील.